पगार खात्यात टाकू की हातात देऊ?

अन् त्या हिशेबवाल्याचं काय जाते सांगाले! म्हणे, "ताई, आता चार बाया कामाले ठेवल्या, तर महिन्याचा पगार खात्यात टाका." टाकला. झालं वाटोळं.

माझं डोणगावात शेवया-पापडाचं काम आहे, घरामागच्या पडवीत. आधी मी दर बाजाराच्या दिवशी सकाळी बायांच्या हातात आठवड्याची मजुरी ठेवायची. काल पहिल्यांदाच महिन्याचा पगार खात्यात टाकला.

आज बाजार. सकाळीच माझ्याकडं शेवया करणारी सुनंदा रिकामी थैली घेऊन दारात उभी. "काकू, पैसे टाकले म्हणता, मंग गेले कुठं?"

तिच्या खात्याले मोबाइल तिच्या नवऱ्याचा, कार्डही त्याच्यापाशी. मेसेज त्याले गेला, पैसे त्यानं काढले. हे मले आधी काऊन सुचलं नाही?

मी म्हटलं, जाऊ दे, पुन्हा सगळ्यांच्या हातातच देते. तर राधा पीठ मळता मळता कडाडली, "माह्या हातात नका देऊ बरं! घरी सासू हात पसरून उभीच राह्यते. खात्यात हाय तेवढंच माहं हाय."

हिशेबवाला म्हणते, सगळ्यायले एकच पद्धत ठेवा. सुनंदा म्हणते, पुढच्या बाजाराले हातात पैसे नसले तर मी कापणीच्या मजुरीवर सोयाबीन सोंगाले चालली. तिच्यासारख्या बारीक शेवया मलेही जमत नाहीत.

गटातल्या बायांनो, तुम्ही बायांचा पगार कसा करता? नुसतं लाइक ठोकून जाऊ नका. रविवारी पुन्हा बाजार आहे. मले शनिवारपर्यंत उत्तर पाहिजे.