तारकाकांना आलेल्या मुंग्या

आमच्या ह्यांचे काका उभं आयुष्य तारऑफिसात होते. बाहेर लोक त्यांना तारमास्तर म्हणत, घरात ते तारकाका. तारेत शब्दागणिक पैसे पडायचे, म्हणून खिडकीशी येणारा माणूस कागदावर काहीबाही लांबलचक खरडून आणी आणि काका शिसपेन्सिलीनं त्यातला एकेक शब्द उडवीत. एकदा एका बाईंनी लेकीला कळवायला पानभर मजकूर आणला होता. प्रवास कसा झाला, बसायला जागा कशी मिळाली, जावयांना काय सांग. काकांनी तो पार खाली आणला: 'पोचले. सुखरूप. आई.' बाई म्हणाल्या, "अहो, पण हे कोरडं वाटतं." काका म्हणाले, "वाटू दे. पोचतं."

निवृत्त झाले तरी ही खोड गेली नाही. घरातही ते तारेतच बोलायचे. काकू होत्या तोवर ते खपून जाई. काका जेवताना नुसतं 'मीठ' म्हणत, आणि मीठ जास्त झालंय, कमी झालंय की इकडे सरकवायचंय, हे काकूंना न विचारता कळे. काकू गेल्यावर मात्र आम्हा सगळ्यांची पंचाईत झाली. काकांनी फोनवर 'आण' म्हटलं की मी पिशवीत दूध, औषधं, वर्तमानपत्र, सगळंच घेऊन जात असे. त्यातलं एखादं तरी बरोबर निघे.

मागच्या हिवाळ्यात त्यांना पक्षाघाताचा हलका झटका आला. देवाची कृपा अशी की त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर एक डॉक्टरीणबाई राहतात, त्यांनी वेळेवर धावपळ केली. बोलणं शाबूत राहिलं, पाय सावरले. डावा हात तेवढा रुसून बसला, खांद्याच्या वर काही जाईना.

काकांचा मुलगा, माझे चुलतदीर, परगावी असतात. भावजी तेव्हा धावत आले होते. निघायच्या दिवशी त्यांनी काकांसमोर बसून स्पष्ट सांगितलं, "बाबा, या खेपेला तुमचं ऐकतो. पण पुन्हा असं काही झालं, तर मी न्यायला येणार. मग नाही म्हणायचं नाही."

काका म्हणाले, "कबूल."

भावजींचं घर चांगलं आहे, जाऊबाईही मनानं मोकळी आहे. पण ते घर उंचावर, लिफ्टशिवाय खाली येणं नाही, आणि दिवसभर तिथे कुणी नसतं. इथे काकांची स्वतःची खोली, कोपऱ्यावरचा वाचनकट्टा, खालून हाक मारणारा न्हावी. ते म्हणाले नाहीत, पण मला ठाऊक होतं की इथून हलवलं तर हा माणूस उन्मळून पडेल. रोजच्या प्रार्थनेत मी त्यांच्यासाठी वेगळं काही मागत नसे. एवढंच म्हणे, की देवा, त्यांना त्यांच्या खोलीत राहू दे.

डॉक्टरीणबाईंनी मला बजावून ठेवलं होतं, "हातापायाला मुंग्या आल्या, एकाचे दोन दिसायला लागले, तोंड वाकडं झालं, तर वाट बघायची नाही. लगेच मला हाक मारायची." मी ते मनात इतकं घोकलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

परवा संध्याकाळी मी भाजी चिरत होते. फोन वाजला. काका होते.

"मुंग्या आल्यात," ते म्हणाले. "डावीकडून जास्त. एकाचे दोन दिसतायत. तोंड वाकडं. ये."

आणि फोन ठेवून दिला.

माझ्या हातातली सुरी कुठे गेली ते मला अजून आठवत नाही. ह्यांच्या छापखान्यात फोन लावला, कसंबसं सांगितलं. हे म्हणाले, "तू पुढे हो, मी त्याला कळवतो आणि येतोच." त्याला म्हणजे भावजींना. चपला पायात अडकवल्या आणि निघाले. वाटेत देवाचं नाव घेत होते म्हणावं तर तेही नीट जमेना, नाव अर्ध्यात तुटे आणि डोळ्यांपुढे काकांची बांधलेली बॅग येई. भाजीवाली म्हणाली, "ताई, काय आग लागली का?" तिला उत्तर द्यायलाही थांबले नाही.

डॉक्टरीणबाई दारातच भेटल्या. माझा चेहरा बघताच त्यांनी पिशवी उचलली. दोघी जिना चढून वर गेलो. काकांचं दार उघडंच होतं.

आत काका खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून उभे होते. दोन्ही हात वर. हातांत काहीतरी चकाकत होतं. खोलीभर खरखर भरून राहिली होती.

"काका," मी म्हणाले, "आधी खाली बसा."

"हलू नकोस," ते म्हणाले. "आत्ता आली होती."

"कोण आली होती?"

"बाई."

डॉक्टरीणबाईंनी माझा दंड धरला. "भास होतोय," त्या पुटपुटल्या. मग मोठ्यानं, लहान मुलाशी बोलावं तशा, "काका, इथे कुणी बाई नाही. आम्ही दोघीच आहोत."

"दोन होत्या. चिकटलेल्या," काका म्हणाले. "मग एक झाली. आता डोकं गेलंय."

डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. "काका, माझ्याकडे बघून हसा बघू."

"कशाला? बातम्या चालल्यात."

"बरं. दोन्ही हात वर करा."

"वरच आहेत."

बाई थबकल्या. मीही तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. काकांच्या हातात दोन लांब चकचकीत कांड्यांचं यंत्र होतं, टोळाच्या मिशांसारखं, आणि त्याची वायर खिडकीशेजारच्या टीव्हीला गेली होती. टीव्हीच्या पडद्यावर मुंग्यांचा नुसता बुजबुजाट. त्या मुंग्यांतून मधेच बातम्या सांगणारी बाई डोकं काढी, तिच्या बाजूला तिचीच दुसरी छाया उभी राही, आणि मग तिचं तोंड डावीकडे वाकडं होत पार पडद्याच्या बाहेर निघून जाई.

मी होते तिथेच फरशीवर बसले.

"काका," मी म्हणाले, "मुंग्या टीव्हीला आल्यात?"

"मग?"

"मला वाटलं तुम्हाला आल्या."

"मला कशा येतील?" काका खरोखरच बुचकळ्यात पडले. "मुंग्या आणखी कुठे येतात?"

"हाताला येतात, पायाला येतात, साखरेच्या डब्याला येतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "टीव्ही म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

"एक शब्द वाढला असता," मी म्हणाले, आणि मला हसू आणि रडू दोन्ही एकदम फुटलं. काका गोरेमोरे झाले. "रडू नकोस," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, बऱ्याच कष्टानं, "चुकलं माझं."

मग कळलं ते असं. केबलवाल्याची वर्गणी त्यांनी बंद केली होती. चॅनेल ढीगभर आणि बघण्याजोगं एकही नाही, हे त्यांचं मत आम्ही ऐकून होतो. त्यांना हव्यात फक्त संध्याकाळच्या बातम्या, त्या तर हवेतून फुकट येतात. म्हणून दुरुस्तीवाल्याकडून हा घरातला अँटेना आणला होता. दुरुस्तीवाला म्हणाला, टीव्हीवर ठेवा की झालं. पण समोरच्या उंच इमारतीनं सिग्नल अडवला होता. टीव्हीवर ठेवला, मुंग्या. कपाटावर ठेवला, मुंग्या. हातात धरून खिडकीशी वर उचलला की बाई येई, म्हणून काका तो धरूनच उभे राहिले होते. मध्ये एकदा तो खाली ठेवून मला फोन केला, तो मी येऊन अँटेना धरावा म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी काकांचं मनगट धरून नाडी पाहिली होती, आणि आता त्या त्यांच्याकडे बघतच राहिल्या होत्या. त्यांचं लक्ष टीव्हीकडे नव्हतंच. त्या काकांच्या डाव्या हाताकडे बघत होत्या, आणि तो हात कानाच्याही वर होता.

"काका, हा हात कधीपासून वर जातोय?"

काकांनी हाताकडे पाहिलं. तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं. "उजवा दमला," ते म्हणाले. "मग हा लावला."

"मी दोरी दिली, चेंडू दिला, भिंतीवर बोटं चालवा म्हणून रोज जीव आटवला," बाई मला म्हणाल्या. "आणि हा बातम्यांसाठी वर गेला."

एवढ्यात हे धापा टाकत आले, कपाळाला शाई लागलेली, आणि दारातूनच काकांना आपादमस्तक बघायला लागले. त्यांना सगळं सांगेपर्यंत फोन वाजला. भावजी. ह्यांनी त्यांना आधीच कळवलं होतं. मी फोन घेतला.

"वहिनी, कसे आहेत? शुद्धीवर आहेत ना? मी सुटी टाकलीय. त्यांचे कपडे भरून ठेवा. न्यायला येतोय मी, आता काही ऐकणार नाही."

मी सांगू लागले. मुंग्या टीव्हीला, दोन बाया म्हणजे एकच, वाकडं तोंड तिचं. माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. भावजी म्हणाले, "वहिनी, मला फसवू नका. तुम्ही त्यांना पाठीशी घालताय."

"द्या इकडे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. फोन कपाटाशेजारी. त्या तिकडे गेल्या, कपाटाला टेकून उभ्या राहिल्या, आणि काय चमत्कार, पडद्यावरच्या मुंग्या निघून गेल्या. बाई आली, एकच आली, डोक्यासकट.

"हलू नका," काका म्हणाले.

"मी डॉक्टर बोलतेय," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, कपाटाला पाठ लावून, अंग चोरून. "तुमच्या बाबांना काहीही झालेलं नाही. नाडी मी धरली, ठीक आहे. उलट सांगते, डावा हात आज वर गेला. मला विचाराल तर इथून हलवू नका. जिथे हात वर करायला काही कारण आहे, तिथेच ते बरे होतील. काय? नाही, मी इथून हलू शकत नाही. मी हलले की बातम्या जातात."

ह्यांनी हळूच काकांच्या हातातला अँटेना घेतला आणि खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधला. चित्र थोडं थरथरलं, पण टिकलं. काका खुर्चीत बसले. फोन त्यांच्याकडे आला.

"बाबा," भावजींचा आवाज मलाही ऐकू येत होता, "घाबरवलंत मला."

"हो," काका म्हणाले.

"कपाट लोखंडी आहे ना ते? त्याच्यापासून अँटेना लांब ठेवा. आणि दोन्ही कांड्या सारख्या लांब काढल्यात का?"

"एक अडकलीय."

"ओढू नका, तुटेल. थोडं तेल सोडा. किती चॅनेल लागतात?"

"एकच."

"पुरे ना?"

"पुरे."

भावजी हसले. मग म्हणाले, "बरं, सुटी टाकलीच आहे, तर येतो दोन दिवस. नीट बसवून देतो."

'येतो' म्हणाले. न्यायला येतो म्हणाले नाहीत. काकांनी फोन ठेवला नाही, कानाशी तसाच धरून ठेवला, आणि तो त्यांनी डाव्या हातानं धरला होता. मी डोळे मिटून देवाला जे म्हणायचं ते म्हटलं. उघडले तेव्हा हे चहाचं आधण ठेवत होते, आणि डॉक्टरीणबाई अजून कपाटाला चिकटून उभ्या होत्या.

"आता हलले तर चालेल का?" त्यांनी विचारलं.

"हवामान सुरू झालंय," काका म्हणाले. "ते संपलं की हला. आणि बसा. चहा घ्या. मुलगा येतोय माझा."