चार मेंढ्यांचा हिशेब

हसू नका म्हणण्यात अर्थ नाही, तुम्ही हसणारच. तरी चहा गार व्हायच्या आत सांगून टाकते, मी स्वतःच्या हाताने स्वतःचा पत्ता कसा कापला ते.

मी नोकरीला दुबईत, राहायला शारजात, आईबाबांकडे. मधे तो ट्रॅफिक! माणूस घरून तरुण निघतो आणि ऑफिसला पोचेपर्यंत रिटायर होतो. मैत्रिणीच्या फ्लॅटमध्ये, ऑफिसजवळ, एक खोली रिकामी झाली होती. बाबांचं उत्तर ठरलेलं, "बघू." मोठ्यांच्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असतो. मग सरळ 'नाही' म्हणायला काय होतं?

त्यात पुण्याहून आत्या आली, बाबांची मोठी बहीण. रविवारी दुपारी सतरंजीवर मेंढीकोट रंगला. या खेळात दहाच्या पानाला मेंढी म्हणतात. जिंकलेली मेंढी आपल्याजवळ ठेवायची, चारही मिळाल्या की समोरच्यांवर कोट! मी आणि आईने बाबा-आत्यावर कोट चढवला. मी उठून नाचलेच.

त्याच झिंगेत म्हटलं, "खलास! आता खरा खेळ. ब्लॅकजॅक."

आमच्या ऑफिसात हल्ली सगळे कॅसिनोच्या गप्पा मारतात, आणि मी पानं मोजायचे व्हिडिओ बघून पंडित झाले होते. एकवीसच्या जवळ जायचं, वर गेलं की बाद. कुठली पानं येऊन गेली ते लक्षात ठेवलं की पुढे काय येणार ते कळतं. साधं गणित!

"आत्या वाटेल. शेंगदाणे लावू. मी जिंकले तर दुबईला जाणार."

"आणि हरलीस तर?" बाबा म्हणाले.

"वर्षभर विषय काढणार नाही."

"ताई, पीस."

आत्याचं पिसणं म्हणजे काय, पापड वाळत घातल्यासारखी पानं सतरंजीभर पसरली आणि गोळा केली. मी मात्र जिंकत सुटले. शेवटच्या डावापर्यंत सगळे राजे, राण्या, गुलाम येऊन गेले, या खेळात त्यांचेही दहाच धरतात. दहाचं एकही नाही! म्हणजे आत्याच्या हातात उरलेल्या थोड्याशा पानांत चारही दहा. माझ्याकडे सहा आणि पाच, अकरा. सगळे शेंगदाणे पुढे लोटले.

"यल्ला, चल आत्या, दे दहा!"

आली दुर्री. तेरा.

हरकत नाही, थांबले. आत्याकडे चौदा होते. वाटणाऱ्याला सतरा होईपर्यंत पान घ्यावंच लागतं. दहा येणार, आत्या बाद!

आली सत्ती. एकवीस.

"सोपा आहे की गं हा खेळ," म्हणत आत्याने माझा एक शेंगदाणा तोंडात टाकला.

माझं डोकं फिरलं. तिच्या हातातली उरलेली पानं हिसकावून उलटी केली. एकही दहा नाही!

"आत्या, तू लपवलेस!"

"अगं, कुणाशी बोलतेस?" आई ओरडली.

"गणित खोटं बोलत नाही, आई. माणसं बोलतात!"

आत्या गुडघ्यावर हात टेकत टेकत उठली, पदर झटकला. "घे बाई झडती."

उठताना तिला किती दुखतं, ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. पण माघार घेईन ती मी कसली?

बाबा शांतपणे म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा. आता तू ऊठ."

उठले. ताठ मानेने! आणि मी बसले होते तिथे, सतरंजीवर, इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, चारही दहा माझ्याकडे बघत होते. कोट चढवल्यावर मीच जवळ ठेवलेल्या मेंढ्या. नाचून झाल्यावर मी त्यांच्यावरच बसले होते.

आधी आत्या हसली. "गणित बरोबर होतं हो पोरीचं. फक्त ती त्याच्यावर बसली होती."

मी सॉरी म्हटलं. ऐकू आलं नाही म्हणून तिने पुन्हा म्हणायला लावलं. दोनदा.

पैज ती पैज. खोली दुसरीने घेतली. आता रोज सकाळी मी ट्रॅफिकमध्ये अडकले की बाबांचा मेसेज येतो:

"चार मेंढ्या सापडल्या. पाचवी पोचली का?"