शिपायाचे खांदे

मी पदवीधर झालो तो ग्वाल्हेरच्या माझ्या घरमालक काकांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी बारावीच्या पुढे गेलं नव्हतं. सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावातून मी खेळाच्या जोरावर शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी तिकडे गेलो आणि शिंदे की छावनी या वस्तीत काकांच्या वरच्या खोलीत राहू लागलो.

पहिल्याच सहामाहीत शरीररचनेच्या पेपरात नापास झालो. स्नायूंची इंग्रजी नावं काही केल्या पाठ होईनात. जानेवारीत मी बॅग भरली आणि शिक्षण सोडून घरी जातोय, हे सांगायला गच्चीवर गेलो.

काका उन्हात बसून वीतभर उंचीचा मराठा शिपाई घडवत होते. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून आलेले. त्यातल्या एकाचा उत्तरेतला पहिला हिवाळा त्यांना दाखवायचा होता. तारेचा सांगाडा, त्यावर पुट्टी, अंगात कापूस भरलेली बंडी, समोर विझत आलेली शेकोटी. काकांचा हात मात्र आता कापायचा.

“जायचं तर जा,” ते म्हणाले, “पण पहले हा शिपाई पूरा करून दे. जमिनीवर पाला दाखव. खूप पाला पडलाय, असं वाटलं पाहिजे.”

मी कडुलिंबाची पानं बारीक कातरली आणि डिंकाने चिकटवली. काकी कपडे वाळत घालायला आल्या आणि हसत सुटल्या. “अहो, इकडे बघा! ह्याने तुमच्या खापरपणजोबांना मेथीच्या जुडीत उभं केलंय!”

काकांनी कपाळाला हात लावला. “अरे बेटा, पाला म्हणजे तो, थंडीने गवतावरचं दव गोठतं ना! तुमच्याकडे काय म्हणतात त्याला?”

“आमच्याकडे पडतच नाही,” मी म्हणालो. इंग्रजी येत नव्हतंच, आता मराठीही येत नाही असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाट सरताच त्यांनी मला फूलबागेत नेलं. गवताच्या टोकांवर पिठीसाखर भुरभुरावी तसा पांढरा थर होता. काका वाकून तो दाखवत होते आणि मी फाटकापाशी उभ्या असलेल्या चौकीदाराकडे बघत होतो.

“काका, आपला शिपाई चुकलाय.”

“क्यों भई?”

“त्याचे खांदे खाली आहेत. इतक्या थंडीत ते कानाकडे जातात. हा बघा, हा स्नायू आखडतो, ट्रॅपेझियस.” मी त्यांच्याच पाठीवर बोट फिरवून तो मानेपासून कुठवर जातो ते दाखवलं.

काका माझ्याकडे वळले. “मग हे पेपरात का नाही लिहिलंस?”

“पेपरात माणूस नव्हता.”

घरी येऊन आम्ही शिपायाचे खांदे कापले आणि नव्याने घडवले. पुट्टी वाळायला एक दिवस लागायचा. तेवढ्या वेळात काका पुढचा स्नायू विचारायचे, आणि मला पुस्तक उघडावं लागायचं. पाचोळा खरवडून मी तिथे खाण्याचा सोडा भुरभुरला. बंडीला रंग चढेपर्यंत फेरपरीक्षा आली. बॅगेतले कपडे कधीच बाहेर आले होते. मी पास झालो.

पदवी घेऊन गावी परतलो. काका फोनवर आभार मानू देत नाहीत, “और सुनाओ” म्हणून विषय बदलतात. म्हणून मी पत्र लिहिलं:

‘काका, तुम्हाला आणि काकींना वाकून नमस्कार. तालुक्याच्या शाळेत मला खेळाच्या शिक्षकाची जागा मिळाली. तुम्ही त्या दिवशी मला जाऊ दिलं असतंत, तर मी पुन्हा कॉलेजची पायरी चढलो नसतो. आता धाकट्या बहिणीला तिकडे येऊन पुढे शिकायचं आहे. परक्या गावात पोरीचं कोण बघणार, म्हणून आई नको म्हणते. मी तुमच्याबद्दल खूप सांगितलं, पण तिला वाटतं मी वाढवून सांगतो. तुम्ही दोघांनी तिला चार ओळी लिहाल का? पाकिटावर आईचंच नाव घाला.’