मार्सेलानची पहिली वेचणी

यंदा फेब्रुवारीत, एका शनिवारी सकाळी, घाटंजीजवळच्या एका वावरात (शेतात) मार्सेलान या वाइनच्या द्राक्षाचा पहिला तोडा झाला. पहिले अकरा क्रेट नाकारले गेले. ते भरले जात असताना मी तिथे उभा होतो.

आदल्या दिवशी पुण्याहून यवतमाळला उतरलो. स्टँडसमोर तर्रीपोहे खाल्ले आणि घाटंजीची एसटी धरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सागाची पानं झडली होती, पळस नुकताच पेटू लागला होता. मोकळ्या वावरांत पऱ्हाटी (कपाशीची झाडं) वाळून उभी होती, टोकांना फरदडीचा (हंगामानंतर राखलेल्या पिकाचा) थोडा कापूस. लहानपणी याच रस्त्याने आईबरोबर वेचणीला पायी जात असे. आई मजुरीने कापूस वेचायची. बोंडाच्या टोकांनी तिच्या बोटांची पेरं कायम चिरलेली असत.

विलास माझा शाळासोबती. त्याच्या बारा एकरांपैकी एका एकरावर दोन वर्षांपूर्वी त्याने मार्सेलान लावलं. फ्रान्समध्ये दोन जातींच्या संकरातून तयार झालेलं हे वाण. घड मोकळा, मणी लहान, साल जाड. अवकाळी पाण्यात लवकर सडत नाही, म्हणून इकडे आलं. पुसद आणि दारव्ह्याकडच्या आणखी दोघांनी लावलं आहे. त्यांच्या वेली अजून फळावर आलेल्या नाहीत.

"खायले काही मजा नाही," विलास म्हणाला. "बियाच बिया. वाइनवाल्यालेच पाह्यजे ते."

जेवायला कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाची) आणि अंबाडीची भाजी होती. विलासचे मोठे भाऊ दादाराव शेजारी बसले होते. शेती दोघांची सामाईक. त्यांनी भराभर जेवण उरकलं. हात धुताना म्हणाले, "उद्या गाडी रिकामी गेली, तर जूनमंदी तिथं पऱ्हाटी. तारा, खांब, सारं भंगारात."

"अन् भरून गेली तर?" विलासने विचारलं.

"मंग पाहू."

सकाळी सहाला वावरात पोचलो. चौदा बाया आल्या होत्या. पुढे शेवंतामाय. वय साठीपुढचं, गावातल्या वेचणीच्या टोळीची म्होरकी. तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"तू कमलीचा पोट्टा न? केस पिकले तुह्ये."

मी हो म्हटलं.

"तुही माय याच वावरात वेचे. तुले गाठोड्यावर निजवे अन् वेचे."

तिने पहिल्या वेलीच्या बुडाशी दहीभात ठेवला. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी इकडे सीतादहीची पूजा करतात, ती अशीच. उरलेला दहीभात तिने सगळ्यांच्या तळहातांवर दिला. याआधी मला तो मिळाला होता तेव्हा मी चौथीत होतो.

मग बायांनी कमरेला ओटी (वेचलेला कापूस टाकायची झोळी) बांधली. विलासने आणलेल्या कात्र्या टोपलीतच राहिल्या. एकेका घडातला काळा मणी तेवढा बोटांनी सुटा होऊन ओटीत पडत होता. हिरवट मणी आणि देठ वेलीवर. हात भराभर चालत होते. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. विलास गाडी आणायला फाट्यावर गेला होता.

"काय वं माय," एक बाई म्हणाली, "याची दारू होते म्हंतेत."

"व्हय. गावची भट्टी आपुनच फोडली, अन् आता आपुनच माल देऊन राह्यलो," दुसरी म्हणाली.

"आपल्या मानसायले परवडनार नाही थे," शेवंतामाय म्हणाली. "बिनघोर वेच."

सव्वासातला गाडी आली. सोबत रेवती मॅडम, नाशिकच्या वाइनरीच्या. त्यांनी पहिल्या क्रेटमध्ये हात घातला. हात मनगटापर्यंत जांभळा झाला. तळाला रस साचला होता.

"हे सुटे मणी कोणी काढायला सांगितले?"

त्यांनी दुसरा क्रेट पाहिला. तोही तसाच.

"मला अख्खा घड हवा, देठासकट. हा रस नाशिकला पोचेपर्यंत आंबेल. हे अकरा क्रेट मी घेऊ शकत नाही."

विलास बायांकडे वळला. "कात्र्या कायले आणल्या होत्या, माय?"

"आम्हाले काय ठाऊक? कापसात पत्ती आली तं तूच बोंबलत येतं. म्हनून कचरा येऊ देल्ला नाही. सांगाचं न आधी!"

सांगितलं नव्हतं, हे खरं होतं. नाशिकला प्रशिक्षणाला विलास एकटाच गेला होता. दादाराव धुऱ्यावर (बांधावर) बसून होते. ते उठून वेलींच्या शेवटच्या खांबापाशी गेले आणि तो हलवून पाहू लागले.

रेवती मॅडमनी घड्याळ पाहिलं. ऊन तापलं की माल चालत नाही. साडेनऊपर्यंत जेवढं निघेल तेवढं घेईन, म्हणाल्या. शेवंतामायने ओटी सोडली आणि कात्री घेतली.

"दाखवा बाई, कुठून कापाचं."

त्यांनी एक घड कापून दाखवला. बाया ओळींत पांगल्या. कात्र्यांचा आवाज तेवढा होता. मात्र बाया ओळीतला प्रत्येक घड कापत नव्हत्या. कुठे दोन घेत, तिसरा सोडत.

"तो का सोडला?" रेवती मॅडमनी विचारलं.

"थो फुटला नाही अजून," शेवंतामाय म्हणाली. न उघडलेल्या बोंडाविषयी असं बोलतात. "थो दुसऱ्या वेचनीचा."

मॅडमनी खिशातलं साखर मोजायचं यंत्र काढलं. एका क्रेटच्या वरचे, मधले, तळचे मणी पिळून पाहिले. मग दुसऱ्याचे, मग पाचव्याचे. आकडा जवळपास एकच येत होता.

"आमच्याकडे एकाच दिवशी सगळं कापतात," त्या विलासला म्हणाल्या. "कच्चं नंतर टेबलावर निवडावं लागतं. हे निवडलेलंच आहे."

साडेनऊला गाडीत बेचाळीस क्रेट चढले. आठ दिवसांनी पुन्हा गाडी पाठवायचं त्यांनी कबूल केलं. नाकारलेले अकरा क्रेट बायांनी आपसांत वाटून घेतले. शेवंतामायने माझ्या रुमालात दोन ओंजळी बांधून दिल्या. तिची बोटं जांभळी होती. पेरं चिरलेली नव्हती.

मी त्याच गाडीतून यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत आलो. रात्री नाशिकला निघेपर्यंत तिथल्या शीतगृहात क्रेट उतरले. संध्याकाळी पुण्याची बस मिळाली. रुमालातली द्राक्षं वाटेत खाल्ली. विलास म्हणाला होता तसंच, बियाच बिया. रुमालाचा डाग अजून गेलेला नाही.

दुसऱ्या वेचणीचा एकही क्रेट परत आला नाही, असं विलासने मार्चमध्ये फोनवर सांगितलं. जूनच्या अखेरीस त्याने फोटो पाठवला. वेली, खांब आणि तारा जागेवर आहेत. पलीकडच्या तुकड्यात दादाराव पऱ्हाटीचं बी टोबत आहेत.