बसूचा न निघालेला अल्बम

गिटार गळ्यात अडकवण्याआधी बसू पायताणं काढून भिंतीला लावायचा. वर्कशॉपच्या फरशीवर लोखंडाचा कीस पडलेला असे, तळव्यांना टोचायचा. तरी हा अनवाणीच. वर आम्हालाच दरडावायचा, "देवाम्होरं पायताण घालून बसतोय व्हय आपण?" मी आणि महादू मुकाट्यानं चपला काढायचो.

बसवराज त्याचं नाव. उचगावच्या रस्त्याला वडिलांचं वर्कशॉप होतं, तिथं तो लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, चालवायचा. सोमवारी सुट्टी, यंत्रं बंद. तेव्हा आमचं त्रिकूट जमायचं. गिटार आणि गाणं बसूचं, ड्रम महादूचे, बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, माझा. सत्त्याण्णव सालच्या सुमाराची ही गोष्ट. गोव्याहून आलेल्या एका जुन्या कॅसेटवर त्यानं ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची दुःखाची गाणी, ऐकली आणि गडी पार खुळा झाला. तारांवरून घसरवायची नळी कोल्हापुरात मिळेना, तर त्यानं पितळेचा बुश, म्हणजे पोकळ नळकांडं, कातून करंगळीत घातला. सूर मुद्दाम किंचित उतरता धरायचा. मी हटकलं तर म्हणाला, "रडू आलेलं माणूस नीट सुरात बोलतंय व्हय?"

गाणी आमच्याच बोलीतली. इचलकरंजीच्या यंत्रमागावर बहिरा झालेल्या महादूच्या भावाचं एक होतं, ते वाजवताना तो डोळे पुसायचा. माझा हात मात्र जड. मी ठेक्यात मागं पडायचो. महादू वैतागायचा, बसू कधीच नाही. "सावकाश ये, आमी थांबतो की."

सहा गाणी आम्ही त्याच वर्कशॉपमध्ये एकत्र वाजवून रेकॉर्ड केली आणि कॅसेट मुंबईच्या एका कंपनीला धाडली. दोन महिने मला दुसरं काही सुचत नव्हतं. अल्बम निघाला असता तर मी घरच्यांना ठणकावून नोकरी नाकारणार होतो. शेवटी बसूच्या नावावर पत्र आलं. तो एवढंच बोलला, "जमत न्हाय म्हणून कळवलंय मी त्यास्नी."

"तू कळवलंस? आम्हाला न विचारता?" माझा तोल गेला. तुझ्या ताठ्यापायी आमची माती झाली, असं मी त्याच्या तोंडावर म्हणालो. तो कापसाच्या बोळ्यानं हाताचं ग्रीस पुसत राहिला. त्याच महिन्यात मी पुण्याची नोकरी धरली. बास विकला. त्याच्या लग्नाची पत्रिका आली, मी गेलो नाही. आठ वर्षं आम्ही बोललो नाही, आणि ती चूक त्याची आहे असं मला खरंच वाटत होतं.

मग महादूचा फोन आला. लेथवर उभ्या उभ्याच बसूच्या छातीत कळ आली आणि संपलं.

चार दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं, शैलावहिनींनी, एक पाकीट पुढं केलं. "इंग्रजीत हाय, मला कळंना. तुमच्या बँडचं असंल."

पत्र कंपनीचं होतं. गिटार आणि ड्रम उत्तम. बासवाला कच्चा आहे, तेवढा बदला, आमचा वादक देतो, अल्बम लगेच काढू. खाली बसूनं पेन्सिलीनं, मोडक्या इंग्रजीत, उत्तराचा कच्चा मजकूर लिहिला होता: बास बदलणार नाही. तसं जमत नसेल तर राहू द्या.

 बासवाला कच्चा आहे, एवढं एक वाक्य त्यानं मला सांगितलं असतं तर मी गप्प झालो असतो. पण मग मी जन्मात बासला हात लावला नसता, हे त्याला ठाऊक असणार.

वहिनींनी चहा ठेवला आणि विचारलं, "भावजी, तुमचं आन् ह्यांचं कशावरनं बिनसलंतं? किती येळा इचारलं, ह्यांनी शेवटपातुर सांगितलं न्हाय."

मी पत्राची घडी घालून पाकिटात ठेवली आणि म्हणालो, "चूक माझी होती, वहिनी."