बारीक नोट्स मोठ्या करायच्या आहेत

मंडळी, सुधीरदादा आमचा तालवादक. त्याच्यासाठीच मी मोठ्या ऑर्केस्ट्राचा एक कॉन्चेर्टो, म्हणजे एका वादकाला पुढे ठेवणारी रचना, लहान चमूसाठी आटवत होते. दादा आणि सोबत फक्त चार जण.

मध्येच दादाला पॅरालिसिसचा झटका आला, उजवा हात उठेना. तालीम अडू नये म्हणून त्याचा भाग मी चेलोवाल्या निखिलच्या पानावर बारीक नोट्समध्ये लिहिला. आमच्यात रीतच आहे, मोठं लिहिलेलं आपलं, बारीक लिहिलेलं दुसऱ्याचं. तो नसेल तेव्हाच वाजवायचं.

आज सकाळी रामदासपेठेत तालमीला दादा स्वतः येऊन बसला. त्याला पाहून निखिल नेमका त्या बारीक नोट्सपाशी थांबला. मग सगळेच थांबले.

"काहून थांबला गा? वाजव," दादा म्हणाला.

निखिलने वाजवलं. दादाने शेवटपर्यंत ऐकलं, मग पान हातात घेऊन मला म्हणाला, "इतकं बारीक त्याले दिसन का वं? मोठं करून दे."

मी "हो" म्हटलं. चहा प्यायले, गाडी काढली, घरी आले. रडूही आलं नाही.

कॉम्प्युटरवर त्या नोट्स मोठ्या करायला एक क्लिक पुरते. दुपारपासून समोर बसून आहे.

कोणी येऊन करून देईल का?