तांबड्या ठिपक्याचा दाता

म्हाळाच्या पंधरवड्यातली नवमी नवऱ्याआधी गेलेल्या बाईची. त्या दिवशी तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालायचं, ओटी भरायची. माझ्या बायकोची ही पहिलीच नवमी. दवाखान्यात असतानाच तिनं सांगून ठेवलं होतं, "माझ्या नवमीला धाकटीला आणा. आणि फटफटीवर आणा, एसटीनं नको."

धाकटी म्हणजे माझी मेव्हणी, आटपाडीला दिलेली. आमच्या लग्नापासून तिची एकच कुरकुर, अक्का फटफटीवर मिरवती आणि आमाला कुणी बसवून घेत न्हाई. बायकोनं ते ध्यानात ठेवलेलं. मी व्हय म्हणालो. तेव्हा दुसरं काय म्हणणार?

गाडी एकसिलिंडरी, माझ्या जवानीतली. बायको गेल्यापासून पलूसच्या घरी पडवीत उभी होती. खाली तेल गळून डाग पडलेला. मलाही तिच्याकडं बघू वाटत नव्हतं. नवमीला आठ दिवस राहिले तेव्हा तेल गळायचं थांबवावं म्हणून बाजूचं झाकण उघडलं. आत दातेरी चाकं एकमेकांत बसलेली असतात. एक पिस्टनबरोबर फिरतं, दुसरं कॅमचं, ते वाल्व उघडतं आणि मिटतं. चाकांवर खुणा असतात. खुणेला खूण लावली की टायमिंग बरोबर.

मी चाकं काढली, रॉकेलमध्ये धुतली. काढताना कुठला दाता कुठं होता ते बघितलं नाही. गाढवपणा झाला. धुतल्यावर कॅमच्या चाकावर दोन खुणा दिसल्या. एक कारखान्यात पंचानं ठोकलेली, दुसरी शेजारच्या दात्यावर, नेलपॉलिशचा तांबडा ठिपका. तो बायकोनं लावलेला. मला बारीक दिसत नाही म्हणून लावला होता, एवढंच डोक्यात होतं. म्हटलं, बाईमाणूस, चुकली एका दात्यानं. पंचाच्या खुणेवर चाक बसवून झाकण लावलं.

चार दिवस किका मारल्या. कार्बोरेटरमधून फट्ट करायची आणि गप्प बसायची. एकदा सुरू झाली, पण गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा तिचा दम पुरेना. ढकलत परत आणली. गुडघा सुजला. घरात येऊन एकट्यानं भात लावायचा, तेवढीही ताकद उरली नव्हती. तसाच आडवा झालो.

सकाळी मेव्हणीचा फोन आला.

"दाजी, झाली का गाडी सुरू? न्हाईतर मी येते आपली एसटीनं."

"एसटीनं यायचं न्हाई."

"मग काय बैलगाडी धाडताय?"

"टायमिंग लागंना झालंय. तुझ्या अक्कानं ठिपका चुकीच्या दात्यावर लावलाय."

"आवं, मेलेल्या माणसावर ढकलताय व्हय?" ती तडकलीच. "दुपारभर सायकलची तार धरून बसवलं हुतंत तिला. मी तवा तुमच्याकडंच हुते, तीनदा चहा केला. मिरजेच्या भंगारातनं आणलेलं चाक, त्याच्यावरची खूणच खोटी हाय, असं तुमीच म्हणत हुता. आता इसरला?"

मी फोन ठेवला. मग आठवलं. जुन्या चाकाचा दाता तुटला होता, म्हणून भंगारातलं आणलं. प्लगच्या भोकातून सायकलची तार आत सोडायची. पिस्टन वर आला की तार वर येते. ती तार बायकोच्या बोटांत. मी गाडी गिअरात टाकून मागचं चाक हळूहळू फिरवायचो. "थांबा," ती म्हणायची. "आता खाली निघाली. मागं घ्या." तिची बोटं माझ्यापेक्षा हलकी. पिस्टन ऐन टोकावर आला की दोन्ही वाल्व सारखेच जरा जरा उचललेले पाहिजेत. पंचाच्या खुणेवर ते जमेना. शेजारच्या दात्यावर जमलं. मग ती आत जाऊन लेकीची नेलपॉलिशची बाटली घेऊन आली.

एवढं सगळं विसरलो, आणि चुकली ती, हे तेवढं पक्कं ध्यानात राहिलं.

पुन्हा झाकण खोललं. ठिपक्यावर चाक बसवलं. तपासायला तार सोडली, पण एका हातानं तार आणि दुसऱ्या हातानं गाडीचं मागचं चाक जमेना. थांबा म्हणायला कुणी नाही. शेवटी गाडीला पाठ टेकून पायानं चाक ढकललं. तार वर आली, जरा थांबली. बघितलं, दोन्ही वाल्व सारखेच उचललेले. तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. मला काही आनंदबिनंद झाला नाही. बंद केली आणि तिथंच बसलो.

नवमीला उजाडताच निघालो. भिवघाटचा चढ गाडीनं एका दमात काढला. मेव्हणी नवं लुगडं नेसून दारात उभी होती. तिचा नवरा म्हणाला, "पाडू नका म्हातारीला." ती म्हणाली, "पडले तर तुमच्या अंगावर न्हाई पडत." पण बसताना घाबरली.

"दाजी, अक्का कुठं धरून बसायची?"

"मागं दांडी हाय, ती धर."

बायकोनं ती दांडी कधी धरली नाही. ती माझ्या खांद्यावर हात ठेवायची. ते मी सांगितलं नाही. गिअर टाकला आणि पलूसचा रस्ता धरला.